स्वादुपिंडाच्या शेपटातली गाठ दुर्बिणीतून काढावी का?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातून एका भावाने विचारलं आहे. बहीण २३ वर्षांची. सहा महिन्यांपासून डाव्या बरगडीखाली जड वाटतं, जेवल्यावर जास्त. सोनोग्राफीत आणि मग सीटीत स्वादुपिंडाच्या शेपटाकडे, म्हणजे डाव्या टोकाला, सुमारे ६ सेंटीमीटरची गाठ दिसली. अहवालात लिहिलंय, ‘काही भाग घट्ट, काही भाग पाण्याचा’. एका डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढू असं सांगितलं. दुसऱ्यांनी सांगितलं की दुर्बिणीने गाठ काढू, सोबत प्लीहाही जाईल. घरच्यांना चार गोष्टी कळायला हव्यात: छिद्रांतून करावी की पोट उघडून, प्लीहा वाचेल का, साखर होईल का, आणि लग्नाची बोलणी थांबवायची का.

तुमचा पहिला प्रश्न छिद्रांचा आहे, पण क्रमाने तो शेवटी येतो. आधी ठरायला हवं की ही गाठ कोणत्या जातीची आहे. त्यावरून ठरतं काढायची की नाही. मग किती स्वादुपिंड कापावं लागेल, आणि प्लीहेच्या रक्तवाहिन्या गाठीला किती चिकटल्यात. हे कळल्यावर दुर्बीण की उघडं पोट, याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. मी सीटी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही दिलेल्या माहितीवर आहे. फिल्म पाहून त्यातलं काही बदलू शकतं.

सुईबद्दल आधी सांगतो, कारण घाई तिथे होते. स्वादुपिंडात पाणी दिसलं की सगळ्यांना पहिल्यांदा स्यूडोसिस्ट आठवतो, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर साचलेलं पाणी. ती गाठ खरी गाठ नसतेच, तिला स्वतःचं अस्तर नसतं. पण स्यूडोसिस्टला मागे काहीतरी कारण लागतं: पूर्वी कधी पोटात असह्य दुखून भरती व्हावं लागलं, दारू आहे, पित्ताशयात खडे आहेत, किंवा स्कूटरचं हँडल पोटात बसलं. तेवीस वर्षांच्या मुलीला असं काहीही झालेलं नसताना, आणि गाठीत घट्ट भाग असताना, ‘स्यूडोसिस्ट’ हे निदान मी मान्य करणार नाही. या आजारातली सर्वांत महाग चूक हीच. गाठीला स्यूडोसिस्ट समजून पोटावरून सुई घातली किंवा ती जठरात उघडून दिली, तर जी गाठ आवरणासकट पूर्ण निघाली असती तिच्या पेशी पोटात सांडतात. पाणी पुन्हा भरतंच, आणि नंतरची शस्त्रक्रिया चिकटलेल्या पोटात करावी लागते.

सुई न घालण्याचं दुसरं कारण आपल्या भागाचं आहे. कुत्रा आणि मेंढरं जिथे एकत्र असतात तिथे हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या पोटातल्या जंतामुळे होणारी पाण्याची गाठ होते. ती बहुतेकदा यकृतात किंवा फुप्फुसात होते. स्वादुपिंडात फार क्वचित, पण होते. चिकोडी-अथणीकडचे धनगरवाडे असोत की तुमच्या घरचं खिल्लार, घरात मेंढरं-कुत्री असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हायडॅटिडमध्ये तयारीशिवाय सुई घातली तर आतलं पाणी पोटात जाऊन जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, आणि पिल्लं पोटभर पसरतात. रक्तातली अँटिबॉडी तपासणी निदानाला मदत करते. मात्र ती निगेटिव्ह आली म्हणून शंका पूर्ण मिटत नाही, फिल्मवर आतल्या पिल्लगाठी किंवा सुटलेला पापुद्रा दिसतो का तेही पाहावं लागतं. तशी गाठ निघाली तर आधी अल्बेन्डाझोल हे जंतांचं औषध, मोठ्या माणसाला साधारण ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, यकृताच्या तपासण्या करत. आणि शस्त्रक्रियेत गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गॉज ठेवून मगच हात लावायचा.

आता तुमच्या बहिणीच्या गाठीकडे. वय, स्त्री, शेपटाची जागा, घट्ट आणि पाणी मिसळलेली रचना, हे सगळं एकत्र ठेवलं की पहिलं नाव येतं सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम, थोडक्यात एसपीएन. डॉ. व्हर्जिनिया फ्रान्झ यांनी १९५९ साली तिचं वर्णन केलं. दहातल्या नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक विशी-तिशीतल्या. आत रक्तस्राव होऊन पोकळी तयार होते, म्हणून ती पाण्याची वाटते. मुळात ती घट्ट गाठच असते. हिला कर्करोगाच्या कुळात धरतात, पण अगदी मंद. साधारण दहा ते पंधरा टक्के रुग्णांत ती यकृतात किंवा पोटाच्या आवरणात गेलेली असते. बाकीच्यांत एकाच जागी राहते. ती पूर्ण काढली तर पाच वर्षांनी पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त रुग्ण ठीक असतात. म्हणून घाबरू नका, आणि तरुण, चांगल्या तब्येतीच्या मुलीत ती तशीच ठेवूही नका. रक्तातले सीए १९-९ आणि सीईए हे कर्करोगाचे निर्देशक यात बहुधा नॉर्मल येतात. ते नॉर्मल आले म्हणजे गाठ निर्धोक, असा अर्थ काढायचा नाही.

दुसरी शक्यता म्युसिनस सिस्टिक निओप्लाझमची, म्हणजे चिकट द्रव असलेली गाठ. तीही जवळजवळ फक्त बायकांत आणि शेपटाकडेच होते, पण वय साधारण चाळीस-पन्नास. भिंत जाड, कधी कडेला अंड्याच्या कवचासारखा चुना. या गाठीत पुढे कर्करोग होऊ शकतो. युरोपातल्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ४ सेंटीमीटरच्या आतली, त्रास नसलेली आणि आत गुठळी नसलेली असेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. त्याहून मोठी काढायची. तिसरी सीरस सिस्टॅडेनोमा: मधाच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची, मधोमध व्रणासारखा चुना, बहुधा साठीतल्या बायकांत. हिचा कर्करोग होणं अत्यंत दुर्मीळ, त्यामुळे त्रास देत नसेल तर हात लावायचा नाही, मग ती कितीही सहज दुर्बिणीने निघणारी असो. चौथी आयपीएमएन, जी स्वादुपिंडाच्या नळीशी जोडलेली असते आणि उतारवयात दिसते. याशिवाय पोकळी झालेला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ, असतो. त्याची कड सीटीच्या पहिल्या फेरीत चकाकते, म्हणून ती फेरी झालेली हवी.

म्हणूनच ‘सीटी झालाय’ एवढं पुरत नाही. स्वादुपिंडासाठी वेगळ्या पद्धतीने सीटी करतात: बारीक काप, औषध शिरेत दिल्यावर साधारण चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी एक फेरी आणि सत्तर सेकंदांच्या आसपास दुसरी. पोटाचा साधा सीटी एकाच फेरीचा असतो. जोडीला एमआरआय-एमआरसीपी करावं. गाठीतलं जुनं रक्त त्यात चांगलं ओळखू येतं आणि नळीशी संबंध आहे का तेही कळतं. एवढ्यावर चित्र एसपीएनचं स्पष्ट असेल तर शस्त्रक्रियेआधी तुकडा घ्यायलाच हवा असं नाही. शंका उरली तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड: तोंडातून दुर्बीण जठरात नेऊन तिथून बारीक सुईने नमुना. ही सुई आणि पोटावरून घातलेली सुई यांत फरक आहे. पहिली जवळून, नेमक्या घट्ट भागात, निदानासाठी घालतात; दुसरी ‘पाणी काढण्यासाठी’. द्रव मिळाला तर त्यात सीईए, अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य) आणि ग्लुकोज पाहतात. सीईए १९२च्या वर किंवा ग्लुकोज ५०च्या खाली म्हणजे चिकट गाठीची शक्यता जास्त. अमायलेज २५०च्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट बहुधा नाही.

इथवर मथितार्थ असा: सुईने पाणी काढू नका, स्वादुपिंडाचा सीटी आणि एमआरआय करून घ्या, आणि तपासण्यांना तीन-चार आठवडे गेले तरी हरकत नाही. एसपीएन दिवसांत वाढणारी गाठ नाही. तेवढ्या काळात पोटाला मार बसेल अशी कामं, दुचाकीवरचे खराब रस्ते टाळा.

आता दुर्बिणीचं. शेपूट किंवा धडातली अशी गाठ दुर्बिणीने काढणं हा चांगला पर्याय आहे. नेदरलँड्समधल्या ‘लेपर्ड’ चाचणीत, जिचे निकाल २०१९मध्ये छापून आले, डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दुर्बिणीने केल्यास मध्यमानाने चार दिवसांत हिंडतेफिरते झाले, उघड्या पोटाने केल्यास सहा. स्वादुपिंडातून रस गळणं मात्र दुर्बिणीने कमी झालं नाही. हे लक्षात ठेवा, कारण ‘छिद्रांची आहे म्हणजे छोटी शस्त्रक्रिया’ असा समज घरोघरी असतो. पोटावरचे टाके लहान असतात. आतलं काम तेवढंच असतं. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असती तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे व्हिपल नावाची मोठी शस्त्रक्रिया लागते, तीन नवे जोड करावे लागतात, आणि त्याच देशातली ‘लेपर्ड-२’ चाचणी दुर्बिणीच्या गटात पन्नासपैकी पाच आणि उघड्या गटात एकोणपन्नासपैकी एक मृत्यू झाल्यावर वेळेआधी थांबवावी लागली. डोक्यातल्या गाठीला ‘दुर्बिणीनेच करा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

शस्त्रक्रिया नेमकी कशी होते ते सांगतो, म्हणजे तुम्हाला सर्जनशी बोलता येईल. चार ते पाच छिद्रं, त्यातली दोन १२ मिलिमीटरची कारण स्टेपलर, म्हणजे पिना मारत कापणारं यंत्र, त्यातून जातो, बाकी ५ मिलिमीटरची. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड, पाऱ्याच्या १२ मिलिमीटर दाबाच्या आसपास. रुग्णाचं डोकं वर, डावी बाजू थोडी उचललेली. जठर आणि मोठं आतडं यांच्यामधला पडदा हार्मोनिकने, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणाऱ्या कात्रीने, उघडून जठर वर टांगलं की मागे स्वादुपिंड दिसतं. पहिलं काम हात लावण्याचं नाही, पाहण्याचं: यकृत, पोटाचं आवरण, कुठे पसरलंय का. मग पोटातूनच सोनोग्राफीचा प्रोब लावून गाठीची कड आणि नळी कुठे आहे ते ठरवायचं. त्यानंतर स्वादुपिंडाच्या खालच्या कडेने मागे वाट काढून त्याभोवती फीत घालतात आणि गाठीपासून सुरक्षित अंतरावर स्टेपलर लावतात.

हा स्टेपलरचा क्षण घाईचा नाही. स्वादुपिंड ओल्या मातीसारखं मऊ असतं. एकदम आवळलं तर ते चिरतं आणि पिना धरत नाहीत. त्याच्या जाडीप्रमाणे उंच पिनांचं कार्ट्रिज निवडायचं, जबडा सावकाश मिटायचा, मिटल्यावर दोन-तीन मिनिटं तसाच दाबून ठेवायचा, आणि मगच चालवायचा. तरुण माणसाचं निरोगी स्वादुपिंड जास्त मऊ असतं, म्हणून तुमच्या बहिणीच्या बाबतीत हे अधिकच लागू.

प्लीहेचा प्रश्न इथे येतो. तिची धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने वळणं घेत जाते आणि शीर त्याच्या पाठीत रुतलेली असते. शिरेला स्वादुपिंडातून येणाऱ्या कितीतरी बारीक फांद्या असतात, एकेक सोडवावी लागते. अशा रीतीने दोन्ही वाहिन्या वाचवून गाठ काढण्याला किमुरा पद्धत म्हणतात. एखादी फांदी ओढली गेली तर रक्ताने सगळं दिसेनासं होतं. तेव्हा आंधळेपणाने क्लिप मारायची नाही, गॉजने दाबून धरायचं, नीट दिसेपर्यंत थांबायचं, आणि दिसलं नाही तर पोट उघडायचं. दुसरी वॉरशॉ पद्धत १९८८पासूनची: दोन्ही मोठ्या वाहिन्या कापतात आणि प्लीहा जठराकडून येणाऱ्या आखूड वाहिन्यांवर जगते. ती सोपी आणि लवकर होणारी आहे, पण प्लीहेचा काही भाग सुकण्याची आणि पुढे जठराच्या शिरा फुगण्याची शक्यता राहते. प्लीहा मोठी असेल तर ही पद्धत टाळावी.

एसपीएन मंद असल्यामुळे प्लीहा वाचवण्याचा प्रयत्न करणं रास्त आहे, आणि तेवीस वर्षांच्या मुलीत तो केलाच पाहिजे असं माझं मत. पण गाठ प्लीहेच्या मुळाशी चिकटलेली असेल, किंवा शीर दबून बंद झाली असेल आणि भोवती फुगलेल्या शिरा असतील, तर प्लीहा काढणंच सुरक्षित. या दोन गोष्टी सीटीत दिसतात. म्हणून ज्या डॉक्टरांनी प्लीहा जाईल असं सांगितलं त्यांना ‘शीर उघडी आहे का, गाठ प्लीहेच्या मुळापासून किती लांब आहे’ हे विचारा. प्लीहा वाचवण्यासाठी गाठीचं आवरण फोडणं हा सौदा कधीही करू नये. काढलेला भाग पिशवीत घालून, बिकिनी रेषेवरच्या सिझेरियनसारख्या आडव्या चिरेतून अख्खा बाहेर काढतात. पिशवीत तुकडे करून छोट्या छिद्रातून ओढत नाहीत. म्हणजे दुर्बिणीतही एक चार-पाच सेंटीमीटरची चीर असणारच.

प्लीहा वाचवायचं ठरलं असलं तरी लसी आधी घ्या, कारण टेबलावर निर्णय बदलू शकतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या, शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी. हे सर्वांत जास्त विसरलं जातं.

नंतरचा खरा धोका गळतीचा. कापलेल्या टोकातून पाचक रस झिरपतो. लक्षणीय गळती ढोबळमानाने पाचातल्या एकाला होते, चांगल्या हातांतही. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या नळीतल्या पाण्यात अमायलेज तपासतात. रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं तर रस येतोय असं समजायचं. रुग्ण ठणठणीत असेल, ताप नसेल, तर नळी ठेवून खातंपितं घरी सोडतात आणि बहुतेक गळत्या काही आठवड्यांत बंद होतात. ताप आला, डाव्या खांद्यात दुखलं, नळीतलं पाणी गढूळ झालं, तर सीटी करून साचलेलं काढावं लागतं. आणि नळीत थोडंसं जरी ताजं लाल रक्त दिसलं तर ते किरकोळ समजायचं नाही. रस रक्तवाहिनीची भिंत खातो, आणि मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा येतो. तेव्हा तासाभरात अँजिओग्राफी करून वाहिनी बंद करणारा माणूस लागतो.

त्यामुळे हॉस्पिटल निवडताना दुर्बीण किती नवी आहे हे विचारू नका. विचारा की स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया नियमित होतात का, रात्री इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे अँजिओग्राफीतून वाहिनी बंद करणारा तो डॉक्टर, येतो का, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड आहे का, रक्तपेढी आवारात आहे का. रोबोट असेल तर शिरेभोवतीचं बारीक काम सोपं जातं, पण खर्च वाढतो. केवळ रोबोटसाठी गाव सोडून लांब जाण्याची गरज नाही. तुमच्याकडून बेळगाव जवळ, निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. या सोयी जिथे आहेत तिथे जा, आणि गाव कणकुंबी-जांबोटीकडचं असेल, त्यात पावसाळा असेल, तर डिस्चार्जनंतर दोन आठवडे बेळगावातल्या शहापूर-वडगावला कुणा पाहुण्यांकडे राहा. उशिरा होणाऱ्या गळत्या सातव्या ते चौदाव्या दिवसात त्रास देतात.

खर्चाचं थोडक्यात. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के मिळतात. सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र आधी घ्या, मागाहून धावपळ होते. महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. तुमचं गाव त्यात आहे का आणि तुम्ही निवडलेलं हॉस्पिटल ती घेतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करा.

साखरेबद्दल. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शेपटाकडे दाट असतात, म्हणून धोका शून्य नाही. तरीही निरोगी तरुण स्वादुपिंडाचा डावीकडचा तिसरा हिस्सा गेला तर बहुतेकांना लगेच मधुमेह होत नाही. घरात साखर आहे का, वजन किती, आणि आत्ताचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किती, यावर अवलंबून आहे. ती तपासणी आधी करा, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी.

काढलेल्या गाठीचा अंतिम अहवाल आला की त्यात तीन गोष्टी पाहा: कड मोकळी आहे का, आवरण अखंड आहे का, आणि बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रात रंगलंय का, हे शेवटचं एसपीएन पक्कं करतं. मेणाचा ब्लॉक आणि काचा हॉस्पिटलकडून मागून घ्या, दुसरं मत हवं झालं तर त्याच लागतात. एसपीएन असेल तर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी स्कॅन, किमान पाच वर्षं. उशिरा परतणाऱ्या गाठी असतात, म्हणून पाच वर्षांनंतरही अधूनमधून. कर्करोग नसलेली म्युसिनस गाठ पूर्ण निघाली असेल तर पुढे स्कॅनची गरज नसते.

लग्नाचं. बोलणी मोडू नका, तारीख पुढे घ्या. गाठ पोटात असताना गर्भारपण नको. या गाठीत प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर असतात आणि गर्भारपणात ती वाढल्याची, फुटल्याची उदाहरणं आहेत. ती निघाल्यावर, जखम भरल्यावर आणि पहिला स्कॅन स्वच्छ आल्यावर संसाराला, मूल होण्याला अडचण नाही. प्लीहा काढावी लागली असेल तर एक नियम आयुष्यभराचा: थंडी वाजून ताप आला की घरातलं अँटिबायोटिक लगेच घ्यायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मलेरियाची तपासणीही करायची. हा नियम आणि लसींचा कागद सासरच्या घरातही माहीत हवा, म्हणून ही शस्त्रक्रिया मुलाकडच्यांपासून लपवू नका.